पंख्यांची जुळणी, आवाजाची वजाबाकी

'सिंक्रोनाइझ करणे' हा शब्द भातसानगरला नवा नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतलं सर्वांत मोठं धरण आपल्या भातसेचं, आणि त्याच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. अशा केंद्रातलं जनित्र ग्रिडला जोडायचं म्हणजे नुसतं बटण दाबून भागत नाही. आधी व्होल्टेज जुळवायचं, मग वारंवारता ५० हर्ट्झला आणायची, आणि शेवटी कला, म्हणजे फेज, जुळली की त्याच क्षणी ब्रेकर बंद करायचा. इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी लॅबमध्ये तीन दिव्यांचं प्रॅक्टिकल केलंच असेल. दिवे हळूहळू उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. ते पूर्ण विझले की स्विच टाकायचा. (आणि मग जर्नल लिहायचं!)

या लेखात हीच जुळणी ड्रोनच्या पंख्यांत करून आवाज कमी करता येतो का, ते पाहू. उत्तर 'हो' आहे, पण त्या 'हो'ला तीन-चार शेपट्या आहेत. इंटरनेटवर 'ड्रोन होणार मुके' अशा थाटाच्या बातम्या वाचून कुणी फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवत असेल, तर त्याने त्या शेपट्या आधी मोजून घ्याव्यात.

विषय आपल्यापासून लांबचा नाही. २००७ साली आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 'आयडियाफोर्ज' सुरू केली. '३ इडियट्स'मध्ये उडालेला तो छोटा ड्रोन त्यांचाच. २०२१च्या डिसेंबरमध्ये आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने ३०० लशी गेल्या. फवारणीचे ड्रोन बचत गटांपर्यंत पोचवण्याची केंद्राची योजना २०२३ साली आली. म्हणजे ही यंत्रं गावावरून, शाळेवरून, रानावरून उडणार हे नक्की. आणि आपला भाग शांत आहे. मुंबईत ड्रोन उडाला तर रिक्षाच्या आवाजात तो विरून जाईल. इथे रात्री पलीकडच्या पाड्यावरचं कुत्रं भुंकलेलं हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकू येतं. शिवाय बाजूला तानसा अभयारण्य, जिथे २०१४ साली रानपिंगळ्यासारखा दुर्मिळ पक्षी दिसल्याची नोंद झाली. अशा ठिकाणी आवाजाचा हिशोब वेगळाच मांडावा लागतो.

आवाज येतो कुठून?

ड्रोनच्या आवाजाचे ढोबळ दोन भाग पडतात. एक 'सुरेल' भाग आणि एक 'सळसळीचा' भाग.

पंख्याचं पातं हवेला ढकलत फिरतं. एखाद्या ठिकाणी उभं राहिलं की प्रत्येक पातं जवळून जाताना हवेचा दाब थोडा चढतो आणि उतरतो. पाती ठरावीक वेळाने येत असल्याने त्याचा सूर होतो. सूत्र सोपं आहे: सेकंदाला होणारे फेरे गुणिले पात्यांची संख्या. एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. चार पंख्यांचा छोटा ड्रोन, कर्णावरच्या मोटरींमधलं अंतर ३५ सेंटिमीटर, ९.४ इंची दोन पात्यांचे पंखे आणि एका जागी तरंगताना मिनिटाला ५४०० फेरे. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, दोन पाती, सूर १८० हर्ट्झचा. त्याच्या पटीतले ३६०, ५४०, ७२० हर्ट्झचे सूरही सोबत येतात. मोटरची स्वतःची बारीक शिट्टी वेगळी.

दुसरा भाग सळसळीचा. पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणारी खळबळीची हवा, टोकाशी होणारे भोवरे, शेजारच्या पंख्याने घुसळलेल्या हवेतून जाणारं पातं, या सगळ्यांमुळे एक 'फस्स्स' असा आवाज होतो. त्याला सूर नसतो. तो एक-दोन हजार हर्ट्झपासून वर पसरलेला असतो.

हा भेद लक्षात ठेवा. पंख्यांच्या जुळणीने फक्त पहिल्या भागावर इलाज होतो, दुसऱ्यावर नाही.

दिवे विझतात, सूर लोंबतात

चारही मोटरी एकाच वेगाने फिरतात असं आपण म्हणतो, पण तसं कधीच नसतं. समजा एक मोटर ५४०० वर आहे आणि दुसरी ५४६० वर. सूर झाले १८० आणि १८२ हर्ट्झ. दोन्ही मिळून सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि दोनदा बसतो. हेच विस्पंद. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना जी लाट ऐकू येते तीच ही, आणि लॅबमधल्या दिव्यांचं उजळणं-विझणंही तेच. खात्री करायची असेल तर दोन मोबाइलवर टोन जनरेटर घ्या. एकावर ४४० आणि दुसऱ्यावर ४४२ लावा आणि शेजारी ठेवा. रूममेटने चप्पल फेकेपर्यंत प्रयोग चालू ठेवायला हरकत नाही.

ड्रोनमध्ये अशा चार मोटरी असतात आणि त्यांचे वेग क्षणाक्षणाला बदलतात. म्हणून तो आवाज एकसुरी न राहता वळवळता, 'भुणभुण' करणारा होतो. अमेरिकेतल्या नासाच्या लँग्ली केंद्रात क्रिश्चन आणि कॅबेल या दोघांनी २०१७ साली लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवून कोणता किती त्रासदायक वाटतो ते विचारलं. तेवढ्याच डेसिबलचा ड्रोन लोकांना जास्त त्रासदायक वाटला. फरक साधारण साडेपाच डेसिबलचा. म्हणजे मीटरवरचा आकडा हेच सगळं नाही, आवाजाचा पोतही महत्त्वाचा.

वजाबाकीचं गणित

आता मुख्य मुद्दा. आवाज ही दाबाची लाट. एका लाटेचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी कानाशी आला तर दोन्ही एकमेकांना खातात. बारावीत शिकलेलं व्यतिकरणच हे.

दोन पात्यांचा पंखा अर्धा फेरा फिरला की पुन्हा तसाच दिसतो. म्हणजे पंख्याच्या १८० अंशांत आवाजाची एक अख्खी लाट बसते. लाट उलटी करायची, म्हणजे अर्धी लाट सरकवायची, तर पंखा ९० अंश सरकवायचा. एका पंख्याची पाती पूर्व-पश्चिम असतील तेव्हा दुसऱ्याची उत्तर-दक्षिण हवीत, आणि दोघे बरोबर एकाच वेगाने फिरले पाहिजेत. एवढं साधलं की १८० हर्ट्झचा सूर वजा होतो. ५४० चाही होऊ शकतो. पण ३६० आणि ७२० हर्ट्झचे सूर मात्र वजा न होता बेरीज होतात, कारण त्यांच्यासाठी तेच ९० अंश म्हणजे एक अख्खी किंवा दोन अख्ख्या लाटा. ही झाली पहिली शेपटी. सुदैवाने वरचे सूर बहुधा मूळ सुरापेक्षा दुबळे असतात.

जुळणी किती अचूक हवी? दोन सारखे पंखे न जुळवता चालवले की एकट्या पंख्यापेक्षा आवाज सरासरी ३ डेसिबलने वाढतो. त्या पातळीच्या तुलनेत, दोन्ही पंख्यांपासून सारख्याच अंतरावर उभ्या असलेल्या माणसासाठी, १८० हर्ट्झचा सूर किती उतरेल ते मी गणित करून खाली दिलंय:

– ९० अंशांपासून १ अंश चूक: ३२ डेसिबल कमी
– ५ अंश चूक: १८ डेसिबल कमी
– १० अंश चूक: १२ डेसिबल कमी
– २० अंश चूक: ६ डेसिबल कमी
– ३० अंश चूक: ३ डेसिबल कमी
– ४५ अंश चूक: फायदा शून्य
– त्यापुढे: न जुळवलेलं बरं!

अर्थात हे कागदावरचे आकडे. दोन पंख्यांचा जोर दहा टक्क्यांनी वेगळा असेल तर जुळणी कितीही अचूक केली तरी २२-२३ डेसिबलपलीकडे जाता येत नाही, कारण असमान लाटा पूर्ण वजा होत नाहीत. पण एक गोष्ट दिलासा देणारी आहे: अचूकता १ अंशाची नको. ५ ते १० अंशांत राहिलं तरी भरपूर मिळतं.

ऐकणारा कुठे उभा आहे?

दुसरी शेपटी इथे आहे. वरचं गणित दोन्ही पंख्यांपासून समान अंतरावरच्या माणसासाठी होतं. तो बाजूला सरकला की एक पंखा जवळचा होतो आणि एक लांबचा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर १८० हर्ट्झची तरंगलांबी येते सुमारे १.९ मीटर. दोन पंख्यांच्या रेषेतच, ड्रोनच्या उंचीवर कुणी उभा असेल, तर त्याच्यासाठी वाटेतला फरक ३५ सेंटिमीटर होतो. म्हणजे लाट आणखी सुमारे ६६ अंश सरकते आणि १२-१८ डेसिबलचा फायदा घसरून जेमतेम २ वर येतो. तिरकस, ४५ अंशांवरच्या माणसाला ५ डेसिबलच्या आसपास मिळतो.

यातून एक सोपा नियम निघतो. पंख्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या चौथ्या भागापेक्षा कमी असेल, तरच सगळीकडे थोडाफार फायदा. आपल्या छोट्या ड्रोनमध्ये ते प्रमाण ०.१८ आहे, म्हणजे पास. आता फवारणीचा मोठा ड्रोन घ्या. समजा दोन पंख्यांत १.३ मीटर अंतर आहे आणि मिनिटाला ३००० फेरे. सूर १०० हर्ट्झचा, तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळपास, प्रमाण ०.३८. त्या रेषेतल्या माणसाला जुळणी केल्यावर आवाज दोन डेसिबलने जास्तच ऐकू येईल! एका बाजूची शांतता दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून उसनी घेतलेली असते. ते चालेल की नाही हे कुणाचं घर कुठे आहे त्यावर ठरतं.

आणखी एक बारकावा. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये कर्णावरचे दोन पंखे एका दिशेने फिरतात आणि उरलेले दोन उलट्या दिशेने, नाहीतर ड्रोन स्वतःच गरगर फिरेल. एकाच दिशेने फिरणाऱ्या जोडीत वजाबाकी चहूबाजूंना सारख्या धोरणाने चालते. उलट फिरणारी जोडी घेतली तर तसं होत नाही. पाती कुठे 'भेटतात' ते ऐकणाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलतं, म्हणून दोन पात्यांच्या पंख्यांत चार दिशांना शांतता आणि मधल्या चार दिशांना बेरीज असा फुलीसारखा नकाशा तयार होतो. म्हणून सुरुवात नेहमी कर्णावरच्या जोडीने करावी.

विमानवाल्यांचा जुना धडा

ही युक्ती ड्रोनवाल्यांनी शोधलेली नाही. दोन किंवा चार पंख्यांच्या विमानांत प्रवाशांना ती 'वूं... वूं... वूं' अशी लाट फार जुन्या काळापासून छळत आली. त्यावर आधी फक्त वेग जुळवणारी आणि पुढे कलाही जुळवणारी यंत्रणा आली. तिला सिंक्रोफेझर म्हणतात. आपल्या हवाई दलात २०११ पासून असलेलं हर्क्युलिस हे ज्या सी-१३० घराण्यातलं विमान, त्या घराण्यात सिंक्रोफेझर आहे. छोट्या किंग एअर विमानांतही असतो.

ड्रोनच्या बाबतीत लँग्ली केंद्रातल्याच शिलर, पॅसिओनी आणि झावॉडनी यांनी २०१९ साली पंख्यांची कला जुळवून सुरेल आवाज आटोक्यात आणण्यावर निबंध मांडला. म्हणजे विषय अजून ताजा आहे, करण्यासारखं बरंच शिल्लक आहे.

पण विमान आणि ड्रोन यांत एक मोठा फरक आहे. विमानाच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो आणि विमान वळवायला वेगळी सुकाणू-पृष्ठं असतात. फेरे सारखे ठेवून बाकी सगळं करता येतं. आपल्या साध्या ड्रोनमध्ये तसं काही नाही. सगळा कारभार मोटरच्या वेगावर. तिसरी आणि सर्वांत लांब शेपटी तीच.

जुळणीची किंमत

ग्रिडला जोडलेलं जनित्र एकदा ब्रेकर बंद झाला की आपोआप जुळलेलं राहतं. ते पुढे पळू लागलं तर ग्रिड त्याला मागे खेचतो, रेंगाळलं तर पुढे ओढतो. ड्रोनच्या पंख्यांना असा ग्रिड नाही. त्यांच्यामध्ये हवा सोडली तर काहीच नाही. सगळी जुळणी आपल्या कंट्रोलरने धरून ठेवायची.

आकडे पाहू. ९० फेरे म्हणजे सेकंदाला ३२,४०० अंश. एक अंश जायला ३१ मायक्रोसेकंद लागतात. मोटर ड्रायव्हरला सेकंदाला ४०० वेळा आज्ञा जात असेल तर दोन आज्ञांच्या मध्ये पंखा ८१ अंश फिरून झालेला असतो. ऐकून घाबरायला होतं, पण घाबरायचं कारण नाही. आपल्याला पंख्याला प्रत्येक अंशावर पकडायचं नसून दोन पंख्यांमधला फरक हळूहळू सावरायचा आहे. दोन मोटरींच्या वेगात एका आरपीएमचा फरक असेल तर कला सेकंदाला ६ अंश सरकते. वेगात ०.१ टक्का फरक, म्हणजे ५.४ आरपीएम, असेल तर सेकंदाला ३२ अंश. पावणेतीन-तीन सेकंदांत ९० अंश गेले, शांततेची बेरीज झाली.

कंट्रोल सिस्टिम शिकवणारे सर इथे खूश होतील: कला म्हणजे वेगाचं समाकलन. म्हणून रचना दोन मजली करतात. खाली मोटरचा वेग धरणारा लूप, वर कलेतली चूक पाहून वेगाच्या आज्ञेत किंचित बदल करणारा लूप. एक मोटर 'पुढारी', दुसरी 'अनुयायी'. किंवा कुणालाच पुढारी न करता मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या घड्याळाला पुढारी करायचं. दुसरा मार्ग बरा, कारण पुढारी अडखळला की सगळे अडखळतात, हे आपण इतर क्षेत्रांतही पाहतोच!

किंमत किती? अर्ध्या सेकंदात ९० अंश सरकवायचे तर वेग ३० आरपीएमने वाढवावा लागतो, म्हणजे ०.५६ टक्के. पंख्याची उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने उचल १.१ टक्के बदलते. एवढं ड्रोन सहज पचवतो. म्हणजे शांत हवेत, एका जागी तरंगताना जुळणी परवडते.

पण वाऱ्याचा झोत आला की? ड्रोनला सरळ राहण्यासाठी एका बाजूची उचल दहा-वीस टक्के वाढवावी लागते आणि दुसऱ्या बाजूची कमी करावी लागते. तेव्हा वेग सारखे ठेवणं अशक्य. एक तर जुळणी सोडा, नाहीतर ड्रोन सोडा. शहाणा कंट्रोलर जुळणी सोडतो आणि झोत गेला की पुन्हा पकडतो. म्हणून आपल्याकडे घाटावरून वारा सुटला की जुळणीचा फायदा कमी मिळणार, हे धरून चाला.

आणि वारा नसला तरी वेग सारखे असतीलच असं नाही. बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे बसवली असेल तर पुढच्या मोटरी कायम जास्त वेगाने फिरतात. कॅमेरा एका बाजूला लटकला असेल तर ती बाजू. अशा ड्रोनवर उत्तमातला उत्तम सॉफ्टवेअर लूप चढवला तरी उपयोग नाही, कारण तो मोटरींना एका वेगावर आणायला जाईल आणि तोल सांभाळणारा लूप त्यांना वेगळ्या वेगावर न्यायला जाईल. दोघांची कुस्ती, बॅटरी मधल्यामध्ये खलास. म्हणून मला वाटतं, जुळणीचं पहिलं काम कोडिंगचं नसून तराजूचं आहे. वस्तुमानमध्य बरोबर मधोमध आणा, चारही पंखे एकाच बनावटीचे आणि एकसारखे घ्या, त्यांचा तोल करा, मग कोड लिहा.

ज्यांना खरंच उडत्या यंत्रावर ही युक्ती वापरायची आहे, त्यांनी पंखवाल्या, विमानासारख्या ड्रोनचा विचार करावा. तिथे तोल सुकाणू-पृष्ठं सांभाळतात आणि पंख्यांचे वेग सारखे ठेवायची मुभा असते. किंवा पात्यांचा कोन बदलणारे पंखे वापरावेत. ते महाग, नाजूक, पण जुळणीला योग्य.

उरलेल्या सळसळीचं काय?

समजा सगळं जमलं. १८० चा सूर दहा डेसिबलने उतरला. मीटर हातात घेऊन ड्रोनजवळ उभे राहिलात तर आकडा फारसा हललेला दिसणार नाही. याचं कारण मीटरच्या 'ए' मापनात आहे. कान खालच्या सुरांना कमी दाद देतो, म्हणून मीटर १८० हर्ट्झमधून सुमारे १२ डेसिबल वजा करूनच मोजतो. जवळून मोजलं की आकड्यावर राज्य वरच्या सळसळीचं असतं, आणि तिला जुळणीने धक्काही लागलेला नसतो.

मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर अंतरात आहे. हवा वरचे सूर शोषून घेते. ४००० हर्ट्झचा आवाज किलोमीटरभर जाईपर्यंत नुसत्या शोषणाने २० डेसिबलच्या आसपास उतरतो, १८० हर्ट्झचा एक डेसिबलही उतरत नाही. म्हणजे ड्रोन लांब गेला की सळसळ वाटेत संपते आणि मागे उरते ती फक्त घूंऽऽ. दूरच्या पाड्यावरच्या माणसाला आणि रानातल्या जनावराला तीच ऐकू येते. जुळणी नेमकी त्या घूंऽऽवरचं औषध आहे. जवळच्यासाठी नाही, लांबच्यासाठी. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार एवढंच, आणि आपल्यासारख्या शांत, डोंगराळ भागात ते जास्त लागू पडतं.

जवळच्या सळसळीवर इलाज दुसरे. पहिला आणि स्वस्त: पात्याच्या टोकाचा वेग कमी करा. आपल्या ड्रोनमध्ये तो सेकंदाला ६८ मीटरच्या जवळ आहे. आवाज वेगाच्या पाचव्या-सहाव्या घातात वाढत असल्याने थोडं मोठं, रुंद पातं घेऊन वेग पाचव्या भागाने उतरवला तरी ५ डेसिबलच्या आसपास फरक पडतो. दुसरा इलाज घुबडाकडून शिकण्यासारखा. गव्हाणी घुबडाच्या पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते आणि मागच्या कडेला मऊ झालर असते, म्हणून ते उंदरावर आवाज न करता झेपावतं. पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते पाडण्याचे प्रयोग त्यावरूनच सुचलेत.

हॉस्टेलच्या पोरांसाठी प्रयोग

ड्रोन न उडवता हे सगळं तपासता येतं.

१. आधी स्पीकरचा प्रयोग. जुन्या डेकचे दोन सारखे स्पीकर घ्या. त्यातल्या एकाच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करून लावा आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून ठेवा. गाण्यातला बेस गायब होतो, वरचे सूर बऱ्यापैकी शिल्लक राहतात. दोघांना एकेक मीटर लांब न्या, बेस परत येतो. चौथ्या भागाचा नियम कानांनी कळतो.

२. एका जड फळीवर ३५ सेंटिमीटर अंतरावर दोन सारख्या ब्रशलेस मोटरी पक्क्या बसवा. दोन्ही एकाच दिशेने फिरणाऱ्या. प्रत्येक मोटरच्या बाहेरच्या फिरत्या भागावर एक बारीक चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे फेऱ्याला एक टिचकी मिळेल. चुंबकाने तोल बिघडतो, म्हणून समोर तेवढंच वजन चिकटवा.

३. मायक्रोकंट्रोलरच्या टायमरने टिचक्यांची वेळ मोजा. एका मायक्रोसेकंदाची अचूकता म्हणजे ०.०३ अंश, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. चूक काढा, ड्रायव्हरला सुधारणा द्या.

४. मोजमाप मोकळ्या मैदानात, वारा पडल्यावर, पहाटे. खोलीत करू नका, भिंतींवरून परतणारा आवाज सगळं गणित बिघडवतो. माइक दोन-तीन मीटरवर, आधी दोन्ही मोटरींपासून समान अंतरावर, मग ४५ अंशांवर, मग रेषेत.

५. रेकॉर्डिंग ऑडेसिटीत घेऊन स्पेक्ट्रम काढा. आधी एकेकटी मोटर, मग दोन्ही न जुळवता, मग ०, ३०, ६०, ९० अंशांवर जुळवून. ३६० हर्ट्झवर नजर ठेवा. तिथे बेरीज दिसली नाही तर जुळणी झालीय की नाही याचीच शंका घ्या.

६. पंख्यांभोवती जाळी हवीच. फिरत्या पंख्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही. तुटलेलं पातं गोळीसारखं सुटतं. बॅटरी काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि उडवायचंच असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचून घ्या, कुठे परवानगी लागते तो नकाशा बघा. धरणाचा परिसर आणि अभयारण्य ही 'जरा उडवून बघू' म्हणायची ठिकाणं नव्हेत. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची, आणि शैक्षणिक संस्थांच्या भोवतालचा भाग राज्य सरकार असं क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. म्हणजे आपल्या कॉलेजभोवतालचाही. गॅदरिंगच्या डीजेवाल्यांनीही ही ओळ वाचावी!

शेवटी

मंडळी, गणित छोटं, पण त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. पंखे जुळवले म्हणून ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही, ड्रोन मुका होत नाही. एक ठरावीक सूर, काही दिशांना, शांत हवेत कमी होतो, आणि त्यासाठी ड्रोनच्या हातातला थोडा ताबा गहाण ठेवावा लागतो. हे सगळं मांडून मग 'हो, फायदा आहे' म्हणायचं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये '१२ डेसिबल घट' असं लिहाल तेव्हा पुढे लिहा: कोणत्या सुरात, कोणत्या दिशेला, किती वाऱ्यात. त्या तीन गोष्टींशिवाय तो आकडा अर्धाच.

कुणी फळीवर दोन मोटरी खरंच बसवल्या आणि स्पेक्ट्रममध्ये १८० चा सुळका खाली बसलेला पाहिला, तर पुढच्या अंकासाठी आलेख नक्की द्या. सुळका नाही बसला तरी द्या. का नाही बसला हे शोधण्यात निम्मं इंजिनिअरिंग आहे.